नेपल्स ते बारी: काहीच वाया न घालवणाऱ्या मुलखात

इटलीला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस करून परत येतात. आम्ही दोघांनी रोमच्या खालचा मुलूख निवडला आणि त्याचं कारण अगदी घरचं होतं. मी कोल्हापूरची. आमच्या टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, एक छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. 1940च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं त्यात ती सापडली. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, हा देव आला कसा, हा प्रश्न शाळेपासून माझ्या डोक्यात होता. पुढे वाचनात आलं की भारत आणि रोमन जगातला व्यापार दोन्ही बाजूंनी चालायचा आणि आपल्याकडून गेलेली एक हस्तिदंती स्त्री नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. तिला बघायचंच, असं तेव्हापासून मनात होतं.

दिवाळी उरकली, फराळाचे डबे शेजारीपाजारी पोचवले आणि निघालो. नवरा शाकाहारी, मला मासे चालतात. एवढी ओळख आधी देते, कारण पुढे ताटांबद्दल बरंच येणार आहे.

शनिवार, नेपल्स

दुपारी विमानतळावर उतरलो. राहायला 'क्वार्तिएरी स्पान्योली'मध्ये खोली घेतली होती. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्याला राहायला वसवलेल्या या गल्ल्या. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील की काय असं वाटावं इतक्या अरुंद, वर पाच-सहा मजले, मजल्यामजल्यावर वाळत घातलेले कपडे आणि खालून सुसाट जाणाऱ्या स्कूटर. आमच्या समोरच्या घरातल्या आजींनी चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडली, खालच्या दुकानदाराने तिच्यात दोन लिंबं आणि पावाची पिशवी ठेवली, टोपली वर गेली. पैशांचं काय झालं ते दिसलं नाही. खात्यावर असावं.

संध्याकाळी पिझ्झा. नेपल्सच्या पिझ्झा भाजण्याच्या कलेला 2017मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं आणि भट्टीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की त्यामागचं कारण कळतं. लाकडाच्या भट्टीचं तापमान साडेचारशे अंशांच्या वर असतं. पिझ्झा आत गेला की मिनिट-दीड मिनिटात बाहेर. तेवढ्या वेळात भट्टीवाला तो लांब दांड्याच्या फावड्याने अर्धा वळसा फिरवतो, शेवटी क्षणभर वर उचलून धरतो आणि ताटात सोडतो. मधला भाग मऊ, ओला, जवळजवळ वाहता. कड फुगलेली, तिच्यावर काळे फोड. कुरकुरीत पिझ्झ्याची सवय असलेल्यांना हा पहिल्या घासाला कच्चा वाटेल. दुसऱ्या घासाला पिठाची आंबूस गोड चव कळायला लागते आणि मग कुरकुरीतपणाची आठवण येत नाही.

आम्ही दोनच मागवले: एक मार्गेरिता, एक मारिनारा. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. चीज नाही, आणि नावात समुद्र असला तरी मासाही नाही. मला विचाराल तर या शहरातला खरा पिझ्झा हाच. चार स्वस्त गोष्टी आणि कसबी हात.

रविवार, नेपल्स

सकाळी सान्सेव्हेरो चॅपेल. इथे ज्युसेप्पे सानमार्तिनो या शिल्पकाराने 1753मध्ये घडवलेला झाकलेला ख्रिस्त आहे. संगमरवराच्या एकाच शिळेतून मृत देह आणि त्यावरचं तलम वस्त्र, दोन्ही कोरून काढलं आहे. कपाळावरची शीर वस्त्राखालून दिसते. चॅपेलचा मालक राजपुत्र किमयागार म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याने खऱ्या कापडाचा दगड केला अशी दंतकथा शहरभर पसरली. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते फार बरं आहे. सगळे नुसते बघत उभे होते.

तिथून स्पाक्कानापोलीच्या सरळसोट रस्त्याने राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाकडे गेलो. वाटेत उभ्यानेच 'स्फोल्यातेल्ला' खाल्ली. पापुद्र्यापापुद्र्यांचा शिंपला, आत रवा, रिकोटा आणि साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचं गरम सारण. साखरभुकटी कोटावर सांडते, सगळ्यांच्याच सांडते.

आणि मग ती. संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या शृंगारिक चित्रांच्या शेजारी, काचेच्या पेटीत. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. गळ्यात भरगच्च हार, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या दोन दासी, प्रसाधनाचं साहित्य धरलेल्या. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यावरून ती एखाद्या छोट्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असा तर्क केला जातो. 1938मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात ती सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तळाशी खरोष्ठी लिपीतल्या अक्षराची खूण आहे, म्हणून काहींनी ती वायव्य भारतातली ठरवली. पण हिच्या अगदी सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळालेल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात पैठणचा आणि तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांच्या राज्यात कुणीतरी हा हस्तिदंत कोरला असेल, तो बैलगाडीतून घाट उतरला, हिवाळ्यातल्या ईशान्य मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडून गेला आणि इसवी सन 79मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेला.

नवऱ्याने हळूच म्हटलं, "अगं, हिच्या पायातले वाळे तुझ्या आजीच्या वाळ्यांसारखेच आहेत." मला तेव्हा बोलता आलं नाही. दालनातले बाकीचे लोक शेजारची चित्रं बघत पुढे सरकत होते, आम्ही तिथेच थांबलो. मराठवाड्यातला कुणी नेपल्सला गेला तर इथे नक्की जावं. तिकिटाच्या रांगेआधीच आज 'गुप्त दालन' उघडं आहे का, ते विचारून घ्यावं.

याच संग्रहालयात जळून कोळसा झालेला एक पाव आहे. पॉम्पेईबरोबरच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचा. गोल, आठ फाकांच्या खुणा असलेला आणि त्यावर शिक्का: क्विंटस ग्रानियस व्हेरस याच्या केलर नावाच्या गुलामाचा. हा शिक्का लक्षात ठेवा, मातेराला परत भेटणार आहे.

रात्री एका घरगुती खानावळीत 'पास्ता ए पताते'. बटाटा आणि पास्ता एकत्र, घट्ट शिजवलेला, वरून धुरी दिलेलं प्रोव्होला चीज तारा सुटेपर्यंत ढवळलेलं. यात पास्ता एका जातीचा नसतो. पूर्वी पास्ता सुटा विकत, डब्यांच्या तळाशी उरलेले तुटके तुकडे गरीब लोक स्वस्तात नेत आणि त्याचं हे करत. आता कारखाने मुद्दाम असा मिसळलेला पास्ता बनवतात. वेगवेगळ्या आकारांमुळे एक तुकडा मऊ, एक चावरा लागतो आणि तीच तर गंमत आहे. पिष्टात पिष्ट ऐकून ज्यांचा चेहरा उतरतो त्यांनी एकदा खाऊन बघावं. यात काही ठिकाणी डुकराचं मांस घालतात, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं.

सोमवार, पॉम्पेई

नेपल्सहून 'चिर्कुमव्हेसुव्हियाना' गाडीने पाऊण तासाच्या आत पॉम्पेई. गाडी जुनी, गर्दी भरपूर. सकाळी दार उघडताच आत शिरावं, कारण शहर अवाढव्य आहे आणि सावली कमी.

पॉम्पेईवर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडकंच सांगते. मला मंदिरांपेक्षा बेकऱ्या आवडल्या. काळ्या ज्वालामुखी दगडाची, डमरूच्या आकाराची जाती रांगेत उभी आहेत. ती फिरवायला गाढवं जुंपत. मागे विटांची भट्टी, तिचं तोंड परवाच्या पिझ्झ्याच्या भट्टीसारखंच. 2021मध्ये लोकांसाठी खुला केलेला एक खाद्यपदार्थांचा ठेलाही पाहिला: कट्ट्यात बसवलेली मातीची मडकी आणि दर्शनी बाजूला बदकांची ताज्या रंगांची चित्रं. गरिबांच्या कित्येक घरांत चूलच नव्हती, ते लोक असं बाहेर खात.

'आबोंदांत्सा' रस्त्यावरून चालताना, याच रस्त्यावरच्या एका घरात ती हस्तिदंती स्त्री होती हे आठवून आम्ही दोघंही दगडांवरच्या चाकोऱ्या बघत बराच वेळ गप्प चाललो.

मंगळवार, नेपल्स ते मातेरा

बसचा दिवस. चार तासांच्या आसपास. कँपानियाचा हिरवा पट्टा मागे पडतो, डोंगर लागतात, मग बाझिलिकाताचे नांगरलेले, झाड नसलेले डोंगरउतार. सगळीकडे गहू, तोही कठीण जातीचा, ज्याचा रवा होतो. नोव्हेंबरात शेतं नुसती तपकिरी होती. बाकी काही विशेष नाही.

संध्याकाळी मातेराच्या कड्यावर पोचलो. समोरच्या उतारावर घरावर घर, गुहेवर गुहा, आणि सगळं त्याच फिकट दगडाचं. दिवे लागत होते.

बुधवार, मातेरा

मातेराचे 'सास्सी' म्हणजे ग्रॅव्हिना नदीच्या घळीच्या कडेला मऊ चुनखडकात कोरलेली वस्ती. सास्सो काव्हेओझो आणि सास्सो बारिझानो असे दोन भाग, मधल्या उंचवट्यावर कथीड्रल. एकाचं छत म्हणजे दुसऱ्याचा रस्ता. आज इथे महागडी हॉटेलं आहेत, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर ही वस्ती 'इटलीची लाज' म्हणून ओळखली जायची. एका गुहेत आठ-दहा माणसं, त्यातच खेचर, त्यातच कोंबड्या. मलेरियाने मुलं जात. 1950मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी येऊन बघून गेले आणि 1952मध्ये कायदा करून पंधरा हजारांच्या आसपास माणसं वरच्या नव्या वसाहतींत हलवली गेली. गुहा ओस पडल्या. ऐंशीच्या दशकात पुन्हा माणसं यायला लागली, 1993मध्ये युनेस्कोची मोहोर लागली, 2019मध्ये हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं.

'कासा ग्रोत्ता' म्हणून एक गुहाघर जुन्या सामानासह ठेवलं आहे. पलंग छातीएवढा उंच, खाली कोंबड्या आणि पिंपं ठेवायला जागा. गादीत मक्याची पानं. कपाटाचा खालचा खण उघडा, कारण त्यात तान्हं मूल झोपायचं. मागच्या कोपऱ्यात खेचराची गव्हाण. थंडीत त्याच्या अंगाची ऊब घरभर. मेजावर एकच मोठं ताट, सगळे त्यातच जेवत. माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा उभे होते, त्यांनी ताटाकडे बोट दाखवून आपल्या नातीला काहीतरी समजावलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली.

पण या गावाची खरी अक्कल पाण्यात आहे. पाऊस कमी, नदी खोल घळीत. म्हणून छतावरचा, जिन्यावरचा, गल्लीतला थेंबन् थेंब कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत नेलेला. प्रत्येक अंगणाखाली घंटेच्या आकाराचं टाकं. आतून कुटलेल्या खापऱ्या आणि चुन्याचा गिलावा. वरच्या चौकाखाली 'पालोंबारो लुंगो' नावाचं प्रचंड टाकं आहे, सुमारे पन्नास लाख लिटरचं. विसाव्या शतकात नळाचं पाणी आलं, लोक त्याला विसरले आणि 1991मध्ये ते पुन्हा सापडलं. लोखंडी पुलावरून आत उतरलो. भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा आहेत. गिलावा अजून इतका गुळगुळीत, की हात लावला तर बोटाला धूळ नाही.

आता शिक्का. मातेरात लोक कणीक घरी मळत आणि भाजायला गावच्या भट्टीत देत. सगळ्यांचे पाव एका भट्टीत. मग आपला कुठला? म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का, खाली घराण्याची आद्याक्षरं, वर कोंबडा किंवा माणूस कोरलेला. मेंढपाळ हिवाळ्यात कोरत बसत. दुकानात असा एक शिक्का हातात घेतला तेव्हा केलरचा कोळसा झालेला पाव डोळ्यांसमोर आला. इथला पाव कठीण गव्हाच्या रव्याचा, पिवळसर, जाड कवचाचा, किलो-किलोचा. आठवडाभर टिकतो. शिळा झाला की त्याची 'चाल्लेद्दा' करतात, म्हणजे कढत पाण्यात कांदा, बटाटा, पालेभाजी, वरून तेल, आणि त्यात पावाचे तुकडे. त्याहून शिळा झाला की चुरा करून तेलात खरपूस परततात आणि चीज परवडत नसे तेव्हा तोच पास्त्यावर भुरभुरत.

दुपारी जेवायला बसलो त्या घरगुती खानावळीत नवऱ्याने लाल मिरच्यांच्या माळेकडे बोट दाखवलं. मालकीणबाई आम्हाला थेट आत घेऊन गेल्या. सेनिझे गावाच्या या मिरच्या, लांब, पातळ सालीच्या, उन्हात वाळवलेल्या. यांना 'पेपेरोनी क्रुस्की' म्हणतात. बाईंनी देठ मोडला, बिया झटकल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या. कढईतलं तेल गरम, पण धूर नाही. मिरची टाकली, ती टम्म फुगली, रंग गडद व्हायच्या आत बाहेर. तीन-चार सेकंद. "जरा उशीर झाला की कडू," हे त्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं. ताटलीत गार होईतो थांबायचं आणि मग दाताखाली कडकन् मोडायची. सांडगी मिरची ताटात शेवटपर्यंत पुरवून खाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! फरक इतकाच की ही तिखट नाही; गोडसर, धुरकट, किंचित खारी. तीच चुरून, परतलेल्या पावचुऱ्यासह पास्त्यावर घातली. चीजचा कण नाही. या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं ताट हे, आणि त्याच्या जवळपास दुसरं आलं नाही.

गुरुवार, आल्तामुरा आणि आल्बेरोबेल्लो

मातेराहून भाड्याची गाडी घेतली. पुल्या प्रांतातली लहान गावं बघायची तर गाडी हवीच. जुन्या शहरांच्या आतल्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि कॅमेरे असतात, त्यामुळे गाडी वेशीबाहेर लावून चालावं.

आल्तामुरा वीसेक किलोमीटरवर. इथल्या पावाला 2003मध्ये युरोपीय संघाचा मूळस्थानाचा दाखला मिळाला. एका जुन्या भट्टीतून गरम पाव घेतला आणि गाडीतच मोडून खाल्ला. मातेराचा चांगला की हा, यावर दोन्ही गावांत वाद आहे. आमच्यातही झाला.

आल्बेरोबेल्लोचे 'त्रुल्ली' फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात: पांढऱ्या भिंती, वर दगडी शंकू. चुना-माती न लावता नुसते दगड एकावर एक रचलेले. शेत साफ करताना निघालेला चुनखडक कुठे टाकायचा, तर त्याचीच घरं. आणखी एक कारण राजकीय. नव्या वस्तीवर नेपल्सच्या राजाचा कर होता. तो चुकवण्यासाठी कोन्व्हेर्सानोच्या सरदारांनी रयतेला गारा वापरून बांधायला मनाई केली, म्हणजे तपासणीला माणूस आला की छपरं उतरवता येतील. 1797मध्ये गावकरीच राजाकडे गेले, सरदाराच्या जाचातून सुटले आणि गाव स्वतंत्र झालं. छप्पर कधीही मोडावं लागेल अशा घरात पिढ्यान् पिढ्या राहायचं, म्हणजे काय असेल, याचा विचार रात्री त्याच घुमटाखाली झोपताना येत राहिला. भिंत हातभर जाड, आत गार, आवाज अजिबात नाही.

रिओने मोंती या भागात हजाराहून जास्त त्रुल्ली आहेत, पण खाली बहुतेक दुकानं. पलीकडचं आया पिक्कोला बघावं, तिथे लोक राहतात.

जेवणात 'फावे ए चिकोरिया': पावट्यासारख्या पण मोठ्या, वाळलेल्या फावा दाण्यांचं, साल काढून घोटलेलं मऊ वरण, शेजारी उकडून परतलेली कडू रानभाजी, वरून नवं तेल. एका घासात गोड आणि कडू दोन्ही घ्यायचं. नवऱ्याने पुढे बारीपर्यंत जिथे मिळेल तिथे हेच मागवलं.

शुक्रवार, ओस्तुनी ते लेच्चे

ऑलिव्ह तोडणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखाली जाळ्या पसरलेल्या, लांब काठ्यांच्या यंत्राने फांद्या हलवत माणसं. ओस्तुनीच्या पांढऱ्या टेकडीखालच्या पट्ट्यात शेकडो वर्षांची झाडं आहेत, खोड पीळ दिलेलं, मधे पोकळ, तरी वर फळांनी लगडलेलं. एका घाण्यावर थांबलो. नुकतंच निघालेलं तेल हिरवंगार, गढूळ. पावावर घालून दिलं. घशात मिरीसारखं झोंबतं आणि खोकला येतो. तो आला की घाणेवाला खूश होतो, ताज्या तेलाची ती खूण. जुने घाणे जमिनीखाली खडकात कोरलेले असत. तिथे ऊब राहते, थंडीत तेल गोठत नाही.

लेच्चेला पोचेतो संध्याकाळ. सगळं शहर मधाच्या रंगाच्या एकाच दगडाचं. हा 'लेच्चे दगड' खाणीतून काढल्यावर इतका मऊ असतो की कारागिरांना कोरायला रान मोकळं. सांता क्रोचे बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर पशू, पक्षी, पाठीवर सज्जा पेलणारी माणसं, फळांचे घोस, सगळं दाटीवाटीने. सोळाव्या शतकाच्या मध्यावर काम सुरू झालं ते सतराव्याच्या अखेरीपर्यंत चाललं. सांज उतरताना ही भिंत बघावी, सावल्या लांबतात आणि प्रत्येक चेहरा वेगळा होतो.

शनिवार, ओत्रांतो

सकाळी लेच्चेची 'पास्तिच्चोत्तो', लंबगोल, खुसखुशीत कवच, आत गरम कस्टर्ड. कवचात डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे, म्हणून 'स्ट्रुट्टो' आहे का असं विचारावं; लोण्यात केलेली मिळते. सोबत बदामाच्या गोड दुधावर, बर्फावर ओतलेली कॉफी.

ओत्रांतोच्या वाटेवर मात्र मन उतरलं. 2013मध्ये याच मुलखातल्या गाल्लीपोलीच्या भागात झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग आढळला. तो एका किड्यामार्फत झाडाझाडांत पसरला आणि पाण्याच्या शिरा बंद करून ऑलिव्ह वाळवत गेला. लाखो झाडं गेली. रस्त्याच्या कडेला मैल न् मैल करड्या, पानं नसलेल्या बागा, काही ठिकाणी मुळासकट उपटलेल्या. मधेच नव्या, रोगाला टिकणाऱ्या वाणांची कंबरेएवढी रोपं. आजोबांनी लावलेलं झाड नातवाने तोडायचं, ही वेळ कुणावर येऊ नये. आम्ही एकदा गाडी थांबवून उतरलो. सुकलेल्या एका खोडाच्या बुंध्यातून हाताच्या लांबीची हिरवी फूट आली होती, आणि कुणीतरी तिच्याभोवती दगड रचून ठेवले होते.

ओत्रांतोच्या कथीड्रलची फरशी म्हणजे भला थोरला मोझेक आहे. 1163 ते 1165 या काळात पांतालेओने नावाच्या साधूने तो रचला. मधोमध दारापासून वेदीपर्यंत गेलेला वृक्ष, आणि त्याच्या मुळाशी हत्ती! फांद्यांवर नोहाची नाव, सिकंदर, राजा आर्थर आणि बारा महिन्यांची शेतीची कामं. हत्ती ज्याने रचले त्याने बहुधा हत्ती पाहिला नव्हता, पण झाडाचा भार पेलायला त्याला तोच प्राणी योग्य वाटला.

बाजूच्या चॅपेलमध्ये काचेआड कवट्या आणि हाडं आहेत. 1480मध्ये तुर्की आरमाराने शहर घेतलं, त्यानंतर मारल्या गेलेल्या आठशे लोकांची. मी आत गेले, नवरा दाराशी थांबला.

रात्री लेच्चेत 'चिचेरी ए त्रिया': काबुली चणे आणि घरच्या पास्त्याच्या पट्ट्या. निम्म्या पट्ट्या उकडलेल्या, निम्म्या तेलात तळून वर टाकलेल्या. पोटभरीचं, स्वस्त आणि पूर्ण शाकाहारी.

रविवार, बारी

बारीच्या जुन्या गावात 'आर्को बास्सो'च्या गल्लीत बायका दारात मेज मांडून 'ओरेक्किएत्ते' करतात. रवा आणि पाणी, बाकी काही नाही. करंगळीएवढी जाड वळी लाटायची, बोथट सुरीने नखाएवढा तुकडा तोडायचा, त्याच ओघात सुरीने तो फळीवर स्वतःकडे ओढायचा. तुकडा सुरीला गुंडाळतो. मग अंगठ्यावर टोपीसारखा उलटायचा. वरची बाजू खरखरीत होते, तिच्यात रस्सा धरतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा चालू. एका मावशींनी सुरी माझ्या हातात दिली, माझा अंगठा धरून दाखवलं. हाताची चाल कळली, वेग वर्षांनी येत असणार. मेजावर जाळीच्या ताटांत सकाळचा माल वाळत होता, त्यातला अर्धा किलो घेतला.

जवळच संत निकोलसची बॅसिलिका. तुर्कस्तानातल्या मीरा गावातून 1087मध्ये बारीच्या खलाशांनी त्याच्या अस्थी आणल्या. ख्रिसमसचा म्हातारा म्हणून जग ज्याला ओळखतं तो हाच संत. खालच्या तळघरात कॅथलिकांच्या बरोबरीने पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथाचे यात्रेकरूही डोकं टेकवतात. डोक्यावर रुमाल बांधलेल्या काही बाया जमिनीला कपाळ लावून बराच वेळ होत्या.

दुपारी मी 'तिएल्ला' खाल्ला: तांदूळ, बटाटा आणि तिसऱ्यांसारख्या पण मोठ्या काळ्या शिंपल्या, थरांवर थर लावून भट्टीत भाजलेलं. मुंबई-कोकणातल्या माणसाला हे फार आवडेल. नवऱ्याला टोमॅटो-ऑलिव्ह दाबून बसवलेला फोकाच्चा, ज्याच्या पिठात इथे बऱ्याचदा उकडलेला बटाटा घालतात. तेलाने बोटं थबथबलेली. इथे त्याच्याच आवडत्या नव्हाळीच्या कडू भाजीसोबतचे ओरेक्किएत्तेही मिळतात, पण त्यात बहुधा खारवलेला अँकोव्ही मासा विरघळवलेला असतो. 'सेंत्सा आलीचे' म्हणून सांगावं. न घालता करून देतात.

शेवटचं जेवण 'स्पागेत्ती आल्लास्सास्सिना'. हे बारीचंच. कच्ची स्पागेत्ती थेट लोखंडी तव्यात, लसूण, लाल मिरची आणि तेलावर. मग टोमॅटोचं पातळ पाणी पळीपळीने घालत, तळाला लागू देत, उलथत शिजवायची. पाणी आटलं की तडतड आवाज येतो, तेव्हाच पुढची पळी. ताटात येते ती काळपट लाल, काही ठिकाणी कुरकुरीत, काही ठिकाणी चिवट, आणि खरोखर तिखट. वाढणाऱ्या मुलाने आधी दोनदा बजावलं, झेपेल ना? मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरचे. त्याला काही कळलं नाही, पण पहिली प्लेट संपल्यावर आम्ही दुसरी मागवली तेव्हा तो आतून स्वयंपाक्याला घेऊन आला, आणि त्याने मिरच्यांची बाटलीच मेजावर ठेवून दिली.